मुरायला ठेवलेलं पेट्रोल

आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची पद्धत नव्हती, राखायची पद्धत होती. फुलाफुलांचे काचेचे पेले कपाटात असत आणि आम्ही पितळी फुलपात्रांतून पाणी पीत असू. जावईबापूंसाठी एक जाड टर्किश टॉवेल आणला होता. ते आले की तो ट्रंकेतून निघे, त्यांचे हात पुसून झाले की दोरीवर वाळे आणि दिवेलागणीच्या आत डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला परत जाई. सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, बरणी फडताळाच्या वरच्या खणात होती. पाहुणे आले की सोड्यांची खिचडी व्हायची. एरवी मी आणि सुधाताई स्टुलावर चढून बरणीचं झाकण उघडायचो आणि नुसता वास घेऊन खाली उतरायचो. आंबेमोहोर तांदूळ आमच्याकडे कधी नवा शिजला नाही. जुना तांदूळ चांगला, असं अण्णा म्हणत, आणि तांदळाच्या बाबतीत ते खरंही होतं. लोणचं मुरू द्यायचं, चिंच मुरू द्यायची, कोकमं मुरू द्यायची. या सगळ्याला अण्णा ‘राखणं’ म्हणत. आईचा शब्द वेगळा होता, ‘कुजवणं’, पण तो ती फक्त स्वयंपाकघरात आणि हळू आवाजात वापरत असे.

अण्णा म्हणजे माझे वडील. एका गिरणीत नकाशे काढण्याच्या खात्यात होते. माणूस प्रेमळ, आमच्यावर कधी हात उगारला नाही, आजारपणात रात्ररात्र उशाशी बसले. पण त्यांना कुणी काही सांगायचं नसे. ते विचारत नसत, ठरवत असत, आणि ठरवलेलं आम्हाला जेवताना कळे. सुधाताईला पुढे शिकवायचं नाही हे असंच वालाच्या बिरड्याचा घास घेता घेता कळलं, आणि तिचं डोंबिवलीचं स्थळ ठरल्याचंही तसंच. स्थळ चांगलं होतं, प्रभाकरराव तर फारच चांगले निघाले, म्हणून त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही. पण सुधाताईचा घास त्या दिवशी हातात तसाच राहिला होता, तो मी पाहिला आहे.

गिरणीतले एक साहेब कायमचे विलायतेला निघाले तेव्हा त्यांची छोटी काळी गाडी अण्णांनी घेतली. नौपाड्यात गाडी असणं म्हणजे डॉक्टर असणं किंवा वकील असणं. आम्ही दोन्ही नव्हतो, त्यामुळे लोक जरा संशयानेच बघत. गाडी रोज बाहेर पडत नसे हे सांगायला नकोच. अण्णा सायकलने कामावर जात आणि गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राही. रविवारी तिला आंघोळ असे. मग अण्णा पुढे वाकून हँडल मारत, गाडी आधी खोकल्यासारखं करी, मग शिंके, आणि तिचं टुकटुक एकदा सुरळीत सुरू झालं की आईचा जीव भांड्यात पडे. गाडीने हट्ट धरला की त्या रविवारी अण्णा जेवताना कुणाशी बोलत नसत.

रेशनिंगच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर मिळे, आणि मिळालं ते पेट्रोल, एवढंच त्याचं वर्णन होतं. पुढे कुपनं गेली आणि एके दिवशी स्टेशनकडच्या पंपावर जुन्या यंत्राशेजारी नवं यंत्र उभं राहिलं. यंत्राच्या डोक्यावर काचेचं मोठं नळकांडं असे. पंपवाला दांडा मागेपुढे करून त्यात पेट्रोल चढवी आणि मग ते नळीने गाडीत सोडी. जुन्या नळकांड्यातलं पेट्रोल फिकट पिवळं दिसे. नव्यातलं लालसर होतं, उन्हात सरबतासारखं चमकायचं. वर इंग्रजी पाटी होती, की हे उंची पेट्रोल आहे, याने इंजिनात ठोके पडत नाहीत, ताकद वाढते आणि चढावर गाडी अलगद जाते. गॅलनमागे काही आणे जास्त. अण्णा त्या लाल नळकांड्याकडे असे बघत राहिले, जसे आम्ही सोड्यांच्या बरणीकडे बघायचो. पण भरलं मात्र साधंच. घरी येताना मला म्हणाले, “रोज असलं घातलं तर गाडीची जीभ सोकावेल. प्रसंगाला घालावं.”

प्रसंग यायला वेळ लागला नाही. सुधाताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तिला डोंबिवलीहून ठाण्याला आणायचं, आणि सातव्या महिन्यात आणायचं असं ठरलं. अण्णांनी त्याच आठवड्यात लढाईच्या वेळचा एक चौकोनी डबा, फिरवून बसवायच्या झाकणाचा, कुठूनसा पैदा केला आणि तो लाल पेट्रोलने भरून घरी आणला. आई पोळ्या लाटत होती. ती लाटणं हातात धरूनच बाहेर आली.

“हे काय घरात आणलंत?”

“सुधाला आणायला जाऊ तेव्हा घालायचं. मुंब्र्याकडच्या चढावर गाडी फार ठोके देते. तशात तिला हिसके बसायला नकोत.”

“मग जायच्या दिवशी आणा की.”

“त्या दिवशी संपलं असेल तर? आणि ठेवलं म्हणून काय बिघडतं? उलट मुरेल.”

“पेट्रोल मुरतं?”

“का नाही मुरणार?” अण्णा म्हणाले. हा विषय तिथे मिटला. नकाशावर अर्ध्या सुताची चूक न खपवणारा माणूस हे म्हणाला, याचं आज हसू येतं. पण आमच्या घरात राखून बिघडलेली वस्तू कुणी पाहिलीच नव्हती. बिघडलेली असली तरी ती पाहुण्यांच्या पानात गेली होती, आणि पाहुणे बोलत नाहीत.

डबा आधी जिन्याखाली ठेवला. जिन्याच्या एका बाजूला देवघर, दुसऱ्या बाजूला न्हाणीघर, आणि न्हाणीघरात पाणी तापवायचा बंब. आईने तीन सकाळी बंब पेटवला नाही. अण्णांनी थंड पाण्याने आंघोळ केली आणि चौथ्या सकाळी डबा मागच्या अंगणात विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडाशेजारी गेला. तिथे बंब नव्हता, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन होतं. माघ सरला, शिमगा झाला, ऊन चढत गेलं, आणि भर दुपारी तो डबा मधूनच ‘टण्ण’ असा वाजायला लागला. पहिल्यांदा वाजला तेव्हा आईच्या हातातला पोहरा विहिरीत पडला. डब्याच्या बाजू फुगून गोल व्हायच्या आणि संध्याकाळी पुन्हा टण्ण करून आत जायच्या. आम्ही मागच्या दाराने जायचं बंद केलं. आई धुणं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन आपटायची, तुळशीपाशी दिवा लावताना डब्याकडे पाठ करायची नाही. मी रात्री अंथरुणात त्या आवाजाची वाट बघत पडायची, तो रात्री कधी आला नाही तरी.

अण्णांनी त्यावर तोडगा काढला. दुपारी जेवायला घरी आले की ते डब्याचं झाकण सैल करून ठेवत. सुस्स आवाज येई आणि फुगलेल्या बाजू खाली बसत. मग अंगणभर, स्वयंपाकघरापर्यंत, गोडसर उग्र वास पसरे. “बघ, वासावरून कळतं माल कसा आहे ते,” अण्णा म्हणत. संध्याकाळी परतल्यावर ते झाकण घट्ट करत. असं रोज. माल कसा होता ते त्या वासातच होतं हे खरं, आणि पेट्रोलचं चटकन पेटणारं सत्त्व त्याच वासाबरोबर रोज दुपारी हवेत जात होतं हेही खरं, पण ते तेव्हा आमच्यापैकी कुणाला उमगलं नाही.

आणि सातवा महिना हुकला. डोंबिवलीला सुधाताईच्या सासूबाई विषमज्वराने आडव्या झाल्या. घरात दुसरं करणारं कुणी नाही. प्रभाकरराव मुंबईला नोकरीला. सुधाताई म्हणाली, त्यांना असं टाकून कशी येऊ. त्या बऱ्या होईतो आठवा लागला, आणि आठव्यात पोटुशीला हलवायचं नाही, हे दोन्ही घरांना मान्य होतं. या एका गोष्टीवर अण्णा, आई आणि विहीणबाई यांचं कधी नव्हे ते एकमत झालं. म्हणून नववा लागेपर्यंत थांबायचं ठरलं, तेही पंचांगातला बरा दिवस बघून. तो निघाला वैशाखातला. तोवर सगळं उन्हाळ्याचं ऊन त्या डब्याने आमच्या अंगणात खाल्लं होतं.

आता इथे मला राहवत नाही म्हणून परवाचं सांगते. नातवाबरोबर घोडबंदर रोडवरून येत होते. गाडी पंपावर घेतली तर तिथल्या मुलाने विचारलं, “प्रीमियम टाकू का साहेब?” नातू म्हणाला, “नको, साधं.” पुढे गेल्यावर मी विचारलं, का रे, महाग म्हणून? तर म्हणाला, “तसं नाही गं आजी. इंजिन जास्त दाबाचं असेल तर ते लागतं. आपल्या गाडीला काही फरक पडत नाही, नुसते पैसे जातात.” मी खिडकीबाहेर बघत बसले. आमची काळी गाडी तर त्याहून किती साधी, किती जुनी. म्हणजे ते लाल पेट्रोल अगदी ताजं असतं तरी तिला त्याचं काही सुखदुःख नव्हतं. अण्णांनी लेकीसाठी घेतलेली ती चैन मुळात कुणासाठीच नव्हती. मला एकदम अण्णांची कीव आली. इतक्या वर्षांनी.

तर आम्ही निघालो. अण्णा, आई आणि मी. मला न्यायचं कारण काही नव्हतं, मी रडले म्हणून नेलं. डबा मागे डिकीत, गोणपाटात गुंडाळलेला. टाकीत मात्र साधंच पेट्रोल. आईने विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, “जाताना आपणच आहोत. आपल्याला साधं चालेल. तिकडे पोचल्यावर साधं काढून घेतो आणि चांगलं घालतो. उगाच मिसळ नको.” कळव्याचा पूल, मुंब्रा, शीळ, सगळीकडे गाडी आपली टुकटुकत, चढावर थोडी कुरकुरत, पण कुठेही न थांबता गेली. डोंबिवली तेव्हा गावच होतं. स्टेशनच्या आजूबाजूला थोडी घरं, मग विहिरी, आंबे, भातखाचरं, आणि गाडी दिसली की मागून धावणारी पोरं.

सुधाताई दारात उभी होती. तिचा चेहरा सुजला होता आणि पावलंही. ती हसली, पण हसताना तिने चौकट धरली होती. आईने ते पाहिलं. आतल्या खोलीत दोघी काही बोलल्या आणि आई बाहेर येऊन अण्णांना म्हणाली, “लवकर निघू या. सकाळपासून तिची कंबर दुखतेय.” अण्णांनी मान हलवली, पण पेट्रोलचा सोहळा काही लवकर आटपण्यातला नव्हता. त्यांनी गाडीखाली शिरून टाकीचं बूच काढलं, साधं पेट्रोल विहीणबाईंच्या रॉकेलच्या रिकाम्या डब्यात उतरवून घेतलं, आणि लाल पेट्रोल फडक्यातून गाळून टाकीत ओतलं. त्याचा रंग आता लाल राहिला नव्हता, कोऱ्या चहासारखा झाला होता. “मुरलंय,” अण्णा म्हणाले. विहीणबाईंनी खाटेतल्या ढेकणांसाठी थोडं साधं मागितलं, तेव्हा अण्णांनी तांब्याभर दिलं. उरलेलं डब्यात ठेवून डबा डिकीत टाकला. टाकून द्यायचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नसता. त्या स्वभावाचे किती उपकार मानायचे आणि किती राग करायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गाडी सुरू झाली. तापलेली होती म्हणून झाली असावी. मागच्या सीटवर आई आणि सुधाताई, सुधाताईचं डोकं आईच्या खांद्यावर. मी पुढे. मानपाड्यापर्यंत अण्णा खुशीत होते, “फरक जाणवतो, नाही?” असं त्यांनी दोनदा विचारलं. मला फरक जाणवत होता. गाडी जड झाली होती. पायाखाली खडखड होत होती, डब्यात खिळे घालून हलवल्यासारखी. शीळ सोडून रस्ता डोंगराच्या कडेने चढायला लागला तशी ती खडखड वाढली, अण्णांनी गिअर उतरवला, आणखी उतरवला, आणि चढाच्या मधोमध गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. अण्णांनी ब्रेक ओढला, मी उतरून चाकामागे दगड लावला. भर दुपार. एका बाजूला डोंगराचा तापलेला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला खाली दूर खाडी. पाखराचाही आवाज नव्हता.

तेव्हाच मागून सुधाताई म्हणाली, “आई गं.” मोठ्याने नाही. आईने तिच्या साडीकडे पाहिलं, आणि मग अण्णांकडे. “पाणी गेलं,” आई म्हणाली. “ऐकलंत का? पाणी गेलं हिचं.”

अण्णा हँडल घेऊन पुढे धावले. ते हँडल मारत राहिले आणि गाडी नुसती उसासे टाकत राहिली. मी त्यांच्यावर छत्री धरून उभी होते. सदरा पाठीला चिकटला होता, हँडल एकदा उलटं फिरून त्यांच्या मनगटाला लागलं, तरी ते थांबले नाहीत. मग बॉनेट उघडलं. प्लग काढले, पुसले, फुंकले, पुन्हा बसवले. पुन्हा हँडल. काही नाही. मागून कळ येई तेव्हा सुधाताईचा श्वास ऐकू येई, मग आईचं “झालं हं, झालं, गेली ती.” त्या कळांमधलं अंतर कमी होत चाललं होतं. मी मनात अंक मोजायला सुरुवात केली आणि भीतीने मध्येच सोडून दिली.

मधल्या एका सैल क्षणात सुधाताई खिडकीतून वाकून म्हणाली, “अण्णा, ते साधं पेट्रोल घाला ना. येताना चालली होती ना गाडी त्याच्यावर.”

“तू शांत पड,” अण्णा म्हणाले. त्यांनी वर पाहिलंही नाही. “चांगल्यावर चालत नाही ती साध्यावर काय चालणार? दोष प्लगचा आहे.”

शीळच्या बाजूने गवताची एक बैलगाडी चढ चढत आली. हाकणारा उतरला, आत डोकावला आणि झटक्यात त्याला सगळं कळलं. “पोरीला गारीन घाला, काका. मी मुंबऱ्यापावत सोरतो,” तो म्हणाला, आणि गवताच्या पेंढ्या सारून जागा करायला लागलाही. आई उठली. पण अण्णा म्हणाले, बैलगाडीचे हिसके तिला सोसायचे नाहीत, गाडी आता सुरू होतेच आहे. तो माणूस थोडा वेळ थांबला. अण्णांनी पुन्हा हँडल हातात घेतलं तेव्हा त्याने एकदा आईकडे पाहिलं आणि बैलांना हाक दिली. ती गाडी वळणाआड जाईपर्यंत सुधाताई तिच्याकडे बघत होती. तिचे डोळे मी त्याआधी तसे कधी पाहिले नव्हते.

“अण्णा, साधं घाला,” ती पुन्हा म्हणाली. आता तिच्या आवाजात विनवणी नव्हती. “मी सांगते ते ऐका.”

“तुला त्यातलं काय कळतं?” अण्णा ओरडले. त्यांचा आवाज कातळावर आपटून परत आला. ते घाबरले होते, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त ते ओरडले एवढंच कळलं. नंतरची कळ सुधाताईने तोंडात पदर कोंबून सोसली, अण्णांना आवाज ऐकू जाऊ नये म्हणून, आणि मला मात्र त्या न आलेल्या आवाजानेच रडू फुटलं.

आई खाली उतरली. तिने डिकी उघडली, रॉकेलचा तो डबा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि अण्णांच्या पायाशी ठेवला. साडीच्या निऱ्यांवर पेट्रोल सांडलं, तिकडे तिने बघितलं नाही. बंबाच्या ठिणगीला भिणारी माझी आई.

“घाला,” ती म्हणाली.

“अगं, पण त्याने—”

“घाला म्हणते ना. नाहीतर मी ओतते.”

 अण्णा गाडीखाली शिरले. मुरलेलं पेट्रोल रस्त्यावर सोडून दिलं, ते उतारावरून तेलकट ओघळासारखं खाली गेलं. साधं ओतलं, ओतताना ते इतकं सांडत होतं की निम्मं तरी बाहेर जातं की काय असं मला वाटलं. हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. गाडी खोकली, पांढरा धूर सोडला, शिंकली, आणि टुकटुक सुरू झाली.  मी चाकामागचा दगड काढला.

मुंब्रा, कळवा, पूल. विहीणबाईंना दिलेलं ते तांब्याभर पेट्रोल आता वाटेत कमी पडतं की काय, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता, आणि अण्णांच्याही असावा, कारण प्रत्येक उतारावर ते इंजिन बंद करून गाडी नुसती सोडत होते आणि खाली पोचायच्या आत दात आवळून पुन्हा सुरू करत होते. पुलावर सुधाताईने आईचा दंड असा धरला होता की त्याचे वळ पुढे आठवडाभर दिसत होते. नौपाड्यातल्या प्रसूतिगृहाच्या दारात गाडी थांबली तेव्हा दोन दायांनी तिला जवळजवळ उचलूनच आत नेलं.

आम्ही बाकावर बसलो. अण्णा बसले नाहीत. त्यांच्या हातांना काळं लागलं होतं, मनगट सुजलं होतं, आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. आतून डॉक्टरीणबाईंचा चढलेला आवाज आला, मग दायांची धावपळ, मग एकदम शांतता. एक दाई गरम पाणी घेऊन गेली, दुसरी थंड पाणी घेऊन गेली. मूल जन्मलं होतं आणि रडत नव्हतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण आईला कळलं. तिने माझा हात हातात घेतला आणि तिचे ओठ हलायला लागले. त्या शांततेत अण्णांनी कपाळ भिंतीला टेकवलं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग आतून मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज आला, पुन्हा आला, आणि मोठा झाला. डॉक्टरीणबाई दारात येऊन म्हणाल्या, “मुलगी आहे. गळ्याला नाळ अडकली होती. दोघी ठीक आहेत.” आई ढसाढसा रडली. अण्णा बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले, तिन्हीसांजा झाल्या तरी तिथेच होते.

सुधाताई आमच्याकडे श्रावणापर्यंत राहिली. डिंकाचे लाडू झाले, अळीवाची खीर झाली, बारसं झालं, पेले कपाटातून बाहेर निघाले. वरून बघणाऱ्याला घर आनंदात होतं. पण अण्णा बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच “बरं आहे ना?” विचारत आणि सुधाताई “हो” म्हणे, त्यापुढे दोघांत काही होत नसे. पूर्वी संध्याकाळी अण्णा आले की सुधाताई त्यांना पेपर वाचून दाखवायची. आता पेपर तसाच घडीत पडून असे. अण्णा नातीला मांडीवर घेत, तिच्याशी खूप बोलत, आणि सुधाताई खोलीत आली की गप्प होत.

जायचा दिवस आला. उघडीप होती, ऊन चटचटत होतं. अण्णांनी सकाळीच गाडी धुऊन अंगणात काढून ठेवली होती. सुधाताई बाळाला घेऊन पायरी उतरली, गाडीपाशी थांबली आणि म्हणाली, “अण्णा, आम्ही ट्रेनने जातो.”

आईने माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या काकू ओटीचं ताट घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

“अगं, साधंच भरलंय,” अण्णा घाईने म्हणाले. “कालच भरलं. ताजं आहे.”

“पेट्रोलचं नाही, अण्णा.” सुधाताई म्हणाली. “मी तेव्हा सांगत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. आईने सांगितलं ते शेवटी ऐकलंत, पण मी मरत होते, अण्णा, आणि मी सांगत होते. मला तुमच्या गाडीत बसायची भीती वाटते.”

आमच्या घरात अण्णांशी असं कुणी बोललं नव्हतं.  अण्णांचा हात गाडीच्या दारावर होता. मग त्यांनी दार लावलं, किल्ली आईकडे दिली आणि आत गेले. येताना सुधाताईची पत्र्याची ट्रंक त्यांच्या खांद्यावर होती. नौपाड्यात सगळे ज्यांना अण्णासाहेब म्हणत ते माझे वडील हमालासारखे ट्रंक खांद्यावर घेऊन फाटकातून बाहेर पडले आणि रस्त्यावर थांबले. सुधाताई पुढे गेली. तिच्या मागे अण्णा, त्यांच्या मागे आई आणि मी. खिडक्यांतून माणसं बघत होती. कोपऱ्यावर आल्यावर अण्णा थांबले. ट्रंकेच्या कडेने त्यांची मान वाकडी झाली होती, त्यामुळे त्यांना सुधाताईकडे खालून वर बघावं लागलं.

“सरळ जायचं, की कसं?” त्यांनी विचारलं.

 सुधाताईने बाळाच्या तोंडावरचा पदर नीट केला. “तळ्यावरून जाऊ या,” ती म्हणाली. “लांब पडेल, पण तिकडे सावली आहे.”

“बरं,” अण्णा म्हणाले, ट्रंक दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि तळ्याकडे वळले.